नऊ बोटं जास्त

सभागृहाच्या वर्कशॉपमध्ये तिला सगळे टकटकताई म्हणतात, आणि हे नाव शोधायला कोणाला फार डोकं चालवावं लागलं नसणार. ताई आत आली की आधी दाराला टकटक, मग टेबलाला, मग कोणी नवीन खुर्ची आणली असेल तर तिच्या पाठीला. एकदा खोकला झाला म्हणून दवाखान्यात गेली. डॉक्टर तिच्या पाठीवर बोटाने ठोकत होते, तर ही म्हणाली, "जरा डावीकडे सरका डॉक्टर, तिकडे भरीव वाजतंय." डॉक्टर सरकले. तिकडेच कफ निघाला.

वय बावन्न. उंची इतकी, की वर्कशॉपमधल्या सगळ्यात वरच्या फळीवरचा रंधा काढायला तिला स्टूल लागतं. ते स्टूल तिनेच बनवलेलं आहे आणि त्याला दुसऱ्या कोणी हात लावला की ती लांबूनच ओरडते, "माझे पाय आहेत ते! ठेवा जागेवर!"

तिचे बाबा ह्याच सभागृहाचे सुतार होते. ही सहा-सात वर्षांची असताना आईने तिच्याबरोबर बाबांचा डबा पाठवला. डबा पोचला, बाबांनी खाल्ला, रिकामा झाला, पण पोरगी काही परत येईना. संध्याकाळी आई बघायला आली तर ही भुश्शात बसून खिळे लहान-मोठे लावत होती. मग रोजच डबा नेऊ लागली. पुढे बाबांनी तिला एक खेळ शिकवला. दोन जोडलेली लाकडं समोर ठेवायची आणि विचारायचं, "सांग बरं, ह्यातला सरस लावलेला सांधा कुठला आणि कोरडा कुठला?" बघायचं नाही, नुसतं ठोकून सांगायचं. कोरडा सांधा किंचित वाजतो, घरात कोणी नसताना दार वाजावं तसा. सरसाने घट्ट चिकटलेला गप्प बसतो. अकरा वर्षांची होईपर्यंत तिचं एकदाही चुकलं नाही आणि तिच्या दादाचं एकदाही बरोबर आलं नाही. दादा आता विमा विकतो आणि ते त्याला छान जमतं.

तिचा नवरा बस चालवतो. दिवसभर घंटी, ब्रेक, आरडाओरडा ऐकून घरी आला की त्याला एक शब्द बोलायला नको असतं. ताईचंही तसंच. दोघं समोरासमोर बसून चहा पितात, टेबलाला एकदा टकटक झाली म्हणजे साखर हवी, दोनदा झाली म्हणजे पुरे. पंचवीस वर्षांत गैरसमज झालेला नाही.

दोन वर्षांपूर्वी वर्कशॉपचा फोरमन निवृत्त झाला. तेव्हापासून सोळा कारागिरांना कामं वाटून देणं, लाकूड निवडणं, रंगमंचाची मापं घेणं, भांडणं मिटवणं, सगळं ताईच बघते. नुसती खोलीच्या दारावर तिची पाटी नाही. आत जुन्या फोरमनचा कोट अडकवायचा हूक अजून तसाच आहे, रिकामा. तिचा हात तिथवर पोचत नाही म्हणून ती कोट खुर्चीवर टाकते.

पाटी का नाही, तर सभागृहाच्या साहेबांमुळे. साहेब माणूस वाईट नाही. पण त्यांचं एक आहे, कुठलंही वाक्य ते "तसं नाही हो, पण" ह्या शब्दांनी सुरू करतात. चहा घेणार का म्हणून विचारलं तरी "तसं नाही हो, पण अर्धा चालेल." ताईने पदाचा विषय काढला की ते खुर्चीत मागे टेकतात, दोन्ही हातांची बोटं एकमेकांत घालतात आणि म्हणतात, "तसं नाही हो, पण सोळा पुरुष आहेत बाई तिथे. काम तुम्ही करताच. पण हुकूम! हुकूम सोडला तर ऐकतील का तुमचा?"

"रोज ऐकतात की साहेब."

"तसं नाही हो, पण ते ऐकणं वेगळं आणि हे ऐकणं वेगळं."

दोन्ही ऐकण्यांत फरक काय, ते साहेबांनी कधी सांगितलं नाही. ह्या वर्षी त्यांनी शेवटचं सांगून टाकलं. पुढच्या महिन्यात फोरमनचं नाव वर पाठवायचंय. दुसऱ्या सभागृहातला एक उंचापुरा, भारदस्त आवाजाचा गृहस्थ त्यांच्या मनात आहे. तरी महिला नेत्यांची परिषद पार पडू दे, मग ठरवू.

ही परिषद म्हणजे सभागृहाच्या इतिहासातली सगळ्यात मोठी. सात देशांच्या सात बायका येणार. दोन राष्ट्राध्यक्ष, तीन पंतप्रधान, एक सरन्यायाधीश आणि एक बाई जिने कोळ्यांची संघटना उभी करून आपल्या देशाचा समुद्राचा कायदाच बदलून घेतला. सरकारकडून शिष्टाचार बघायला ज्या अधिकारी आल्या होत्या, त्यांच्या हातात कायम एक यादी असायची आणि तोंडात माणूस नसलेली वाक्यं. "पाहुण्यांना बसवण्यात येईल. पाणी ठेवण्यात यावं. टाळ्या वाजवण्यात येतील." सभागृहाचा वायरमन त्यांना यादीबाई म्हणायचा, अर्थात पाठीमागे. एकदा त्याने विचारलंच, "मॅडम, टाळ्या कोण वाजवणार ते कळवण्यात येईल का?" यादीबाईंनी ते यादीत लिहून घेतलं.

ताईकडे काम आलं सात पायफळ्यांचं. सभागृहाचं पोडियम, म्हणजे भाषणाला उभं राहायचं ते उंच लाकडी डेस्क, एक्केचाळीस वर्षांपूर्वी तिच्या बाबांनीच केलेलं. अक्रोडाचं लाकूड, समोर पितळी चिन्ह, वजन असं की हलवायला चार माणसं लागतात. त्यामागे कोणीही बाई उभी राहिली की तिचं फक्त कपाळ दिसायचं. म्हणून मागे फळी ठेवायची पद्धत. यादीबाईंनी सातही जणींची उंची कागदावर दिली. ताईने कागद बघितला, घडी केला आणि खिशात घातला. मग पाहुण्यांच्या दाराच्या चौकटीवर तिने एकेक बोटाच्या अंतरावर पितळी चुका, म्हणजे बारीक खिळे, ठोकल्या, नक्षी वाटावी अशा. पहिल्या सकाळी पाहुण्या आत आल्या तेव्हा ही दार धरून उभी राहिली आणि कोणाचं डोकं कुठल्या चुकेला लागतंय ते मनात नोंदवत गेली.

"काय मग?" वायरमनने विचारलं.

"सातांपैकी सहा जणींच्या कागदावर दोन-दोन बोटं जास्त आहेत."

"आणि सातवी?"

"थंड देशाच्या पंतप्रधान. त्यांना गरज नाही. वाकून आत आल्या."

ताईने फळ्या तिथल्या तिथे जाड केल्या आणि दहा वाजता तालीम सुरू झाली.

पहिल्याच आल्या एका छोट्या बेटाच्या राष्ट्राध्यक्ष. ताईएवढ्याच उंच, तेवढ्याच रुंद, आणि आवाज असा की मायक्रोफोनने आपण इथे कशाला म्हणून विचारावं. बरोबर एक दुभाषी मुलगी, अगदी मवाळ. बाई मोठ्याने चार वाक्यं बोलायच्या, मुलगी हळूच एक सांगायची. राष्ट्राध्यक्ष फळीवर चढल्या. बोलायला लागल्या. त्यांच्या देशात समुद्र वर चढतोय, बंदराची भिंत किती वर घ्यावी लागली, हे त्या दोन्ही हात डोक्याच्या वर नेऊन दाखवत होत्या. भिंत दाखवता दाखवता एक पाऊल मागे गेलं. मागे फळी संपली होती. वायरमनने धरलं म्हणून बरं, नाहीतर राष्ट्राध्यक्ष थेट पडद्यात.

सगळे धावले. बाईंनी सगळ्यांना हाताने मागे सारलं, पोडियमला एक थापट मारली आणि त्यांच्या भाषेत बरंच काही बोलल्या, हात नाचवून, डोळे वटारून.

"त्या थोड्या नाराज आहेत," दुभाषी म्हणाली.

"एवढंच?" ताईने विचारलं. "एवढं मोठं बोलल्या."

मुलगी लाजली. "त्या म्हणाल्या, बोटीत उभं राहून मी तीस वर्षं भाषणं केली, कधी पडले नाही. हे डेस्क कोणाच्या मापाने केलंय, ते त्यांना कळायला हवंय. आणि फळीवर त्या परत चढणार नाहीत. कपाळ दिसलं तर कपाळ दिसू दे म्हणाल्या, पण तीन वाजता त्या जमिनीवरूनच बोलणार."

यादीबाई पांढऱ्या पडल्या. "कपाळ दाखवण्यात येऊ शकत नाही! जगभर दिसणार आहे हे!"

साहेब ताईकडे वळले. "बाई, काहीतरी करा. दुसरी रुंद फळी करा. तसं नाही हो, पण पोडियमला हात लावायचा नाही. ते सभागृहाचं भूषण आहे. त्यावर एक ओरखडा आला ना, तर फोरमनचं सोडाच, रंध्याचंही विसरा."

आणि सगळे जेवायला गेले.

ताई मात्र तिथेच उभी. कोणाच्या मापाने केलंय. एवढी वर्षं ती ह्या पोडियमसाठी फळ्या करत आली, आणि हा प्रश्न तिला कधी पडला नव्हता. पोडियम आहे तेवढंच असतं, कमी पडतात ती माणसं, असं तीही धरून चालली होती. ती लाकडातली जाणकार, टकटकताई! तिला स्वतःचाच राग आला. मग तिला बाबा आठवले. गुडघ्यावर बसलेले, तोंडात पेन्सिल, आणि कोणाला तरी शिव्या देत ह्याच पोडियमच्या खालच्या बाजूला काहीतरी बसवत असलेले. ती दिवा धरून उभी होती.

तिने आईला फोन लावला. आई दादाकडे असते.

"आई, बाबांनी सभागृहाचं पोडियम केलं होतं, आठवतंय?"

"न आठवायला काय झालं? ते मस्त झालं होतं. मग तो ताडमाड अध्यक्ष आला, म्हणाला मला वाकायला लावू नका, उंच करा. तुझे बाबा महिनाभर घरी त्याची नक्कल करत होते. 'मला! वाकायला! लावू नका!' जेवतानासुद्धा."

"म्हणजे खालची बैठक नंतर जोडली?"

"नऊ बोटं. नऊ की दहा. नऊ."

"आई, नीट आठव. सरस लावून जोडली की नुसत्या पाचरा मारल्या?"

"सरस लावला. मीच उकळून दिला, घरभर वास."

ताईचा चेहरा उतरला. सरस असेल तर बैठक सुटणार नाही, करवतीने कापावी लागेल, आणि मग ओरखडा कसला, बाबांच्या कामाचे दोन तुकडे.

"नक्की ना?"

"थांब हं. तो सरस तुझ्या दादाच्या पलंगाचा. पोडियमला नाही लावला. की लावला? अगं पोरी, एक्केचाळीस वर्षं झाली. मी सकाळी चहा घेतला की नाही तेही मला आठवत नाही."

"घेतला असशील. दोनदा."

"मग तिसरा सांगते सुनेला. ठेवू?"

ताईने फोन ठेवला, पोडियमपाशी मांडी घातली आणि कान लाकडाला लावला. टक टक. पहिला कोपरा वाजला. घरात कोणी नसताना दार वाजावं तसा. दुसरा तसाच. तिसरा तसाच. चौथा गप्प बसला.

तिने परत ठोकलं. गप्प. एवढ्यात वायरमन जेवून परत आला.

"वायरमन," ती म्हणाली, "ह्या कोपऱ्यातून मायक्रोफोनची वायर कोणी घातली?"

वायरमन छताकडे बघायला लागला. बारा वर्षांत त्याने छताकडे इतक्या प्रेमाने कधी बघितलं नव्हतं.

"मी घातली, ताई. भोक जरा मोठं पडलं. मग मी त्यात थोडं चिकट काहीतरी भरलं."

"थोडं?"

"एक डबा."

"बाबांनी नाही ना लावलं काही?"

"बाबा कशाला लावतील, ते शहाणे होते."

ताई हसली आणि उठली. घड्याळात दीड. साहेब अडीचला परततात. तिने वर्कशॉपच्या दारात जाऊन आवाज दिला, फार मोठा नाही, काम सांगताना ती कधीच ओरडत नाही. "जेवणं झाली असतील तर सगळे या. झाली नसतील तर घास हातात घेऊन या." सोळाच्या सोळा आले. दोघांच्या हातात खरंच घास होता.

पोडियम गालिच्यावर आडवं झालं, खाली जाड कांबळी. "उचला. हळू. डावीकडचे थांबा. पितळेला हात नको. ठेवा." खालच्या गोल पट्टीआड पाचरांची टोकं सापडली, लाकडाच्याच रंगाची, बाबांनी अशी बसवलेली की माहीत नसेल तर दिसू नयेत. ताईने लाकडी हातोडा घेतला. पहिली पाचर तीन ठोक्यांत निघाली. दुसरी दोनात. तिसरी तर जणू वाटच बघत होती. चौथ्या कोपऱ्यात तिने पातळ करवतीचं पातं सरकवलं, लाकडाला न लागता फक्त वायरमनच्या चिकट काहीतरीमधून, एकेक बोट आत. सगळे श्वास रोखून. वायरमन तर हात जोडून.

आणि पातं पलीकडे निघालं तसं सगळं वजन एकदम उजवीकडे गेलं.

"धरा!" ताई म्हणाली. "उजवा कोपरा! कोण आहे तिकडे? दोन्ही हातांनी! गुडघा लावा, गुडघा!"

उजव्या कोपऱ्यापाशी जो होता त्याने दोन्ही हातांनी धरलं आणि गुडघाही लावला. अंगात इस्त्रीचा कोट होता. साहेब जेवण लवकर उरकून आले होते.

"असंच धरून ठेवा. हलू नका," ताईने न बघताच सांगितलं आणि बैठक ओढून काढली. मग वर बघितलं.

साहेबांच्या कपाळावर घाम. "बाई, हे तुटलं?"

"सुटलं, साहेब. बघा, कुठे ओरखडा आहे का."

साहेबांनी बघितलं. धरलेल्या जागेवरूनच, कारण त्यांना अजून कोणी सोडायला सांगितलं नव्हतं. खालचं लाकूड स्वच्छ, जसं एक्केचाळीस वर्षांपूर्वी रंध्याखालून आलं होतं तसं. "कोणी सांगितलं तुम्हाला हे करायला?" ते ओरडणार होते, पण गुडघ्यावर बसून ओरडणं नीट जमत नाही.

ताईने काढलेली बैठक उलटी केली. आतल्या बाजूला जाड सुतारी पेन्सिलने, बाबांच्या तिरक्या अक्षरात, एकच शब्द लिहिलेला होता.

तात्पुरतं.

मग मागून एक कारागीर घास गिळत म्हणाला, "फारच चाललं हो हे तात्पुरतं," आणि सगळे हसत सुटले. साहेबसुद्धा. हसता हसता ते म्हणाले, "बाई, आता सोडू का मी?"

"सोडा. आता सगळे मिळून उभं करा. साहेब, तुम्ही पितळेकडे."

साहेब पितळेकडे गेले.

तीन वाजता बेटाच्या राष्ट्राध्यक्ष आल्या. पोडियमपाशी थांबल्या, मागे फळी शोधली, नव्हती. जमिनीवर उभ्या राहिल्या. दोन्ही कोपरं डेस्कवर आरामात टेकली, शेजारणीशी गप्पा मारायला खिडकीत टेकावीत तशी. मायक्रोफोन चालू आहे का बघायला त्यांनी बोटाच्या पेराने डेस्कला ठोकलं. टक टक. पडद्याआड ताईचा कान आपोआप तिकडे गेला. छान वाजत होतं, भरीव, एकजीव.

भिंतीची गोष्ट त्यांनी परत सांगितली. भिंत बांधायला परवानगी द्यायच्या समितीत अकरा जण होते आणि एकानेही बंदर बघितलेलं नव्हतं. मग ह्यांनी समितीची बैठकच बंदरात बोलावली, भरतीच्या वेळी. अकरा जण गुडघाभर पाण्यात उभे राहिले, आणि पाणी मांडीला लागायच्या आत सही झाली. हात डोक्याच्या वर गेले, पाऊल मागे गेलं, पुढे आलं, आणि पडलं कोणीच नाही. दुभाषीलाही आता काय झालं होतं कोण जाणे, तीही चार वाक्यांची चार वाक्यं सांगत होती, आवाज चढवून. टाळ्या वाजवण्यात आल्या. कोणी वाजवायला सांगितलं नव्हतं.

एकीमागून एक सगळ्या आल्या आणि सगळ्यांचे चेहरे दिसले. सरन्यायाधीश बाईंनी तर डेस्क दोन्ही हातांनी असं धरलं की आता निकालच देतात. अडचण झाली ती फक्त थंड देशाच्या पंतप्रधानांची. त्या आधी मनात पाच अंक मोजून मग बोलायच्या, आणि कागद इतके खाली की वाचायला वाकावं लागणार. ताईने काढलेल्या बैठकीच्या एका बाजूची पट्टी चहाच्या सुट्टीत तासून एक तिरपी पाटी केली होती. ती तिने पुढे नेऊन डेस्कवर ठेवली. कागद वर आले. पंतप्रधानांनी पाच मोजले आणि म्हणाल्या, "आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासाठी वेगळी सोय करावी लागली. कसं वाटतं ते आज कळलं." मग भाषण सुरू केलं.

दुसऱ्या दिवशी परिषद संपली. यादीबाईंनी यादीतल्या शेवटच्या ओळीवर खूण केली आणि ताईपाशी येऊन म्हणाल्या, "आभार मानण्यात..." थांबल्या. "मी आभार मानते," त्या म्हणाल्या, आणि आपण काय बोललो म्हणून जरा घाबरूनच निघून गेल्या.

साहेबांनी ताईला खोलीत बोलावलं. खुर्चीत मागे टेकले. बोटं एकमेकांत घातली. कोटाच्या गुडघ्याजवळच्या टोकाला अजून वायरमनचं चिकट काहीतरी लागलेलं होतं.

"बाई, न विचारता केलंत."

"हो."

"मोडलं असतं तर?"

"मोडणार नव्हतं. ठोकून बघितलं होतं."

साहेबांनी तो चिकट डाग नखाने खरवडून बघितला. मग म्हणाले, "मी कोपरा धरला तेव्हा मला वाटलं नाही की आपण कोणाचा हुकूम ऐकतोय. वाटलं, हे धरायलाच हवं."

"मग तेच तर साहेब. ऐकणं ह्याच्याहून वेगळं काय असतं?"

"तसं नाही हो, पण..." साहेबांनी सुरुवात केली. त्यांनी छताकडे बघितलं, टेबलाकडे बघितलं, आणि मग समोरचा कागद पुढे सरकवला. "पण काही नाही. नाव पाठवतोय तुमचं. वाचून घ्या, नाव नीट लिहिलंय का."

ताईने वाचलं. नीट होतं. तिने टेबलाला दोनदा टकटक केली. साहेबांना त्याचा अर्थ माहीत नव्हता, पण तो पुरे असा होता.

सोमवारी सकाळी ताई फोरमनच्या खोलीत आली ती स्टूल आणि पेचकस घेऊन. स्टुलावर चढून तिने कोटाचा हूक काढला, नऊ बोटं मोजली आणि तो खाली बसवला. वायरमन दारात उभा राहून बघत होता, मागे आणखी तीन-चार जण.

"ताई," तो म्हणाला, "तुमच्यानंतरचा फोरमन उंच निघाला तर?"

ताईने कोट हूकला अडकवला, दोन पावलं मागे जाऊन बघितला.

"तर वाकेल," ती म्हणाली. "चला, कामाला लागा. ती सात पायफळ्यांची लाकडं पडलीत ना, त्यांची फडताळं करू. आणि खालच्या फळीपासून सुरुवात करा."